मेहुण्याची दाढी

१

माझ्या वस्तऱ्यानं उभ्या आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाचं रक्त काढलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आता त्यातून तो पोस्टमन वगळा, कारण ऐन वेळी तो शिंकला. हेडमास्तरांनाही वगळा, कारण त्यांना मी मुद्दाम जरासं कापलं होतं. आणि मेहुण्यालाही वगळा. मेहुण्याच्या डाव्या गालावर, जबड्याच्या हाडापाशी, नखाएवढा पांढरा वण आहे. त्याच्या लग्नाच्या सकाळी मी केलेला तो आहेर.

मी न्हावी. दुकानाच्या पाटीवर ‘केशकर्तनालय’ असं लिहिलंय, पण तो शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही. शाळा लवकर सुटली माझी. मी सोडली म्हणतो, मास्तर म्हणायचे आम्ही सोडवली. पण माणसाचं डोकं मी एकदा हाताळलं की विसरत नाही. चेहरे विसरतो, नावं तर विसरतोच. डोकं नाही.

तर त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून मी त्याला ‘कानावर एक टेंगूळ आलंय, डॉक्टरला दाखव’ असं घाबरवत होतो (टेंगूळ वगैरे काही नव्हतं), तेवढ्यात फोन आला. धाकटी बहीण. तिला मी चिमणी म्हणतो.

“दादा, एकदा येऊन जा. आम्ही पलीकडे राहायला चाललोय. कायमचे.”

“पलीकडे म्हणजे?”

“नदीच्या पलीकडे. होडीनं.”

मी हसलो. चिमणीचं लग्न होऊन ती त्या बंदराच्या गावात गेली त्याला जमाना झाला, नवरा जहाजांना वाट दाखवणारा, घर धक्क्यावर, पण ही बाई कधी होडीत पाय ठेवायची नाही. लहानपणी तर बादलीत वाकून बघायलाही घाबरायची.

“होडीनं? तू?”

“हो. त्यात काय झालं?”

फोन माझ्या बायकोनंही ऐकला होता. ती सगळेच ऐकते. म्हणाली, “जा, आणि तिला इकडे घेऊन या. मला तिचा आवाज बरा वाटला नाही.”

“बरा नाही म्हणजे?”

“आनंदी वाटला,” बायको म्हणाली.

त्यावर मी काहीतरी वात्रट बोललो असणार. ती हसली नाही. तिनं माझी पिशवी भरली आणि वर म्हणाली, “एकटे परत येऊ नका.”

२

ते गाव तुम्ही पाहिलं नसेल तर काही बिघडलं नाही. नदी समुद्राला मिळते तिथं, आळसावल्यासारखी पसरलेली. एके काळी मोठाली गलबतं यायची. मग नदीनं गाळ आणला, आणि ती यायची थांबली; लहान जहाजं तेवढी अजून येतात. राहिली ती दगडी कोठारं, खिडक्यांना गज असलेलं जकातघर, आणि धक्क्याच्या भिंतीत गंजलेली लोखंडी कडी, एकेक माझ्या डोक्याएवढं. आता त्यांना काही बांधत नाहीत. बाहेरून आलेली माणसं त्यात डोकं घालून फोटो काढतात. मीही मागे एकदा घातलं होतं, ते निघेना. दोन कोळी आणि साबणाची वडी लागली.

तिथं कोणाला वेळ विचारली तर तो घड्याळ बघत नाही, धक्क्याच्या पायऱ्या बघतो. किती बुडाल्या, किती उघड्या. दिवसातून दोनदा नदी उलटी वाहते, समुद्र तिला ढकलत आत आणतो. आणि भरती संपून ओहोटी लागायच्या आधी मधे थोडा वेळ पाणी उभं राहतं. ना इकडे ना तिकडे. काचेसारखं. तेवढ्या वेळात त्या गावचा कोणीही होडी सोडत नाही. घाईचा माल असो, डॉक्टरला आणायचं असो, दोर बांधतात आणि धक्क्यावर बसून राहतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, “नाही सोडत.” बस. मी आडून विचारलं, उभ्यानं विचारलं, पाजून विचारलं. नाही सोडत.

माझा मेहुणा सोडायचा. नदीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा लांब दांडा आहे, तो रोज जागा बदलतो. त्यातून जहाज काढायचं हे त्याचं काम, आणि कामात तो बाप माणूस. तो बाकीच्यांना घाबरट म्हणायचा. तसा तो सगळ्यांनाच काही ना काही म्हणायचा. घसा असा की हाक मारली तर पलीकडच्या काठावरची कुत्री उठायची. रागावला की घरातली भांडी उडायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चिमणीच्या गालाला चाटून गेलेल्या ताटाचा एक पिवळा डाग होता, त्याला आम्ही नकाशा म्हणायचो, आणि मी गेलो की त्यात नवीन देश शोधायचो.

मागच्या थंडीत तो पाणी उभं असताना दांड्यावर गेला आणि आला नाही. होडी आली, रिकामी, आपली आपण धक्क्याला लागली. गाव धरून चाललं की गेला. मी निघायच्या तयारीत होतो, तोवर दुसरा निरोप आला की परत आला. चालत आला. कपडे कोरडे.

तेव्हा मी म्हटलं होतं, समुद्रालाही तो झेपला नसेल.

३

दार त्यानंच उघडलं. “दादा, दमलास का? ये, पिशवी दे,” म्हणाला.

आता हे वाचायला साधं वाटेल. पण इतक्या वर्षांत हा माणूस मला ‘आलास?’ याच्यापलीकडे काही बोलला नव्हता, आणि तेही कोणी शिंकल्यासारखं. मी म्हटलं, “मेहुणेबुवा, समुद्रात शिकवणी लावली होती काय?”

तो हसला. माझ्या विनोदाला. तिथंच मला कळायला हवं होतं.

चिमणी स्वयंपाकघरात गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मला माहीतच नव्हतं. घर लख्ख. नकाशा गेला होता; भिंतीला नवा चुना. “यांनीच दिला,” ती म्हणाली. सामान बांधून ठेवलेलं, एक ट्रंक, दोन गाठोडी, एवढंच.

मी आलो की चहात कोणाच्या तरी मीठ पडतं, ही आमच्याकडची रीत आहे, म्हणजे माझी. मागे एकदा मेहुण्यानं तो पेला माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर फेकला होता. या खेपेला मी दोन चमचे भरून टाकलं आणि शहाण्यासारखा बसलो. त्यानं घोट घेतला. मग दुसरा. शेवटचा थेंब संपवला, ओठ पुसले, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “छान झालाय. अजून आहे का?”

थट्टा करून घेणारा माणूस मी ओळखतो. तो थट्टा करत नव्हता.

तेव्हा माझं लक्ष त्याच्या सदऱ्याकडे गेलं. उजवी पट्टी डावीवर, बटणं डाव्या बाजूला. बायकांच्या कपड्याला असतात तशी.

“बायकोचा घातलास काय रे?” मी म्हटलं.

“हा त्याच दिवशीचा आहे,” तो म्हणाला. “यातच गेलो होतो.”

“मग शिंप्याला धरून बदडायला हवं.”

चिमणी चुलीकडे वळली. पाठमोरीच म्हणाली, “मी शिवलाय, दादा.”

चिमणी शिलाईत माझ्यासारखी नाही. ती चुकत नाही.

४

दुपारी मी म्हटलं, चला, निघायच्या आधी तुझी दाढी करतो, डोकंही भादरतो, नव्या गावात जावयासारखा जा. तो लगेच खुर्चीत बसला. पुढच्या खोलीत खिडकीशेजारी भिंतीवर त्यांचा आरसा आहे, लाकडी चौकटीचा, अर्धा माणूस मावेल एवढा. मी टॉवेल गुंडाळला आणि नेहमीप्रमाणं डोक्यापासून सुरुवात केली.

माणसाच्या टाळूवर केसांचा भोवरा असतो. कात्री त्याच्या कलानं फिरवावी लागते, नाहीतर मागे शेंडी उभी राहते. मेहुण्याचा भोवरा उजवीकडे वळणारा. माझी बोटं आपोआप तशी गेली, आणि केस उभे राहिले. पुन्हा केलं. पुन्हा उभे. मग वाकून बघितलं. भोवरा डावीकडे वळत होता.

मी स्वतःला म्हटलं, म्हाताऱ्या, उजवं-डावं तुला कधी कळलं होतं? शाळेत मास्तर ‘डावा कान धरा’ म्हणायचे तेव्हा मी शेजाऱ्याचा धरायचो. त्यात आयुष्य गेलं गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून आरशात बघण्यात. आरशात सगळं उलटंच. इतक्या वर्षांनी डोक्यात उलथापालथ झाली असेल. पटण्यासारखं होतं. मी पटवून घेतलं.

मग फेस लावायला पुढे आलो. डावा गाल कोरा. वण उजव्या गालावर होता.

तो माझा वण. कापल्यावर कातडी कशी मिटली, कुठं जराशी चुरगळली, हे मला ठाऊक आहे. तोच होता, फक्त दुसऱ्या गालावर. मी अंगठ्यानं चोळून पाहिला. रंग नव्हता तो.

“काय झालं, दादा?” त्यानं विचारलं.

“काही नाही. गाल सुजलाय का बघत होतो.”

मी वस्तरा लावला. आता दाढी करताना आवाज येतो, खर्र, खर्र, तो आम्हा लोकांना गाण्यासारखा. धार कशी चाललीय ते कानाला कळतं, डोळे कुठंही असोत. वस्तरा माझ्या नाकासमोर त्याच्या गालावरून फिरत होता, आणि खर्र खर्र माझ्या पाठीमागून येत होती. भिंतीकडून.

मी थांबलो. आवाज थांबला. मी एक ओढ दिली. भिंतीवर खर्र झालं.

मी मान वळवून आरशात बघितलं. आरशातला मेहुणा बरोबर होता. म्हणजे समोरासमोर जेवायला बसल्यावर इतकी वर्षं जसा दिसायचा, अगदी तसा. वण त्याच्या त्याच्या जागी, भांग त्याच्या बाजूला. खुर्चीतला डोळे मिटून, मान मागे टाकून, सुखानं बसला होता. आरशातल्याचे डोळे उघडे होते.

ते माझ्याकडे बघत होते. आणि तोंड हलत होतं. काय बोलत होतं, सांगता येत नाही. खोलीत आवाज नव्हता. पण ओठ मोठे मोठे होत होते, हाक मारताना व्हायचे तसे, पलीकडची कुत्री उठवणारे. मग तोंडाशी काच धुरकटली.

मी टॉवेल घेऊन पुसायला गेलो. धूर गेला नाही. घासला, तरी गेला नाही. तो आतल्या बाजूला होता.

“झाली?” खुर्चीतला म्हणाला, डोळे मिटूनच.

मी उरलेली दाढी केली. होय, केली. अर्धी दाढी सोडून पळायचं हे आमच्या धंद्यात बसत नाही. आणि खरं सांगायचं तर पाय हलत नव्हते, हातच तेवढा चालत होता. कापलं मात्र नाही. कापलं तर काय निघेल, हे मला बघायचं नव्हतं.

५

बाहेर ऊन होतं. जकातघराच्या सावलीत पर्यटक फोटो काढत होते, एक जण कड्यात डोकं घालत होता. समोरच त्या गावच्या न्हाव्याचं दुकान. आमची जुनी ओळख. एकदा मी त्याच्या कलपाच्या बाटलीत बुटाचं पॉलिश भरून ठेवलं होतं, तेव्हापासून तो मला विसरलेला नाही.

“आला का सोंगाड्या,” तो म्हणाला. “बाटल्यांना हात लावू नकोस.”

“एक विचारायचंय. माझ्या मेहुण्याची दाढी तू करतोस ना? त्याचा वण कुठल्या गालावर?”

तो गिऱ्हाइकाचे केस कापत होता. कात्री थांबली नाही. “तुला ठाऊक नाही? तूच केलास म्हणे.”

“मला ठाऊक आहे. तू सांग.”

“मी आता त्याची दाढी करत नाही.”

“का?”

त्यानं गिऱ्हाइकाची मान खाली वाकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “माझ्या दुकानात समोरासमोर आरसे आहेत. परत आल्यावर एकदा बसला होता तो इथं. पुन्हा यायला लागला तर मी फळ्या लावतो.”

“काय बघितलंस?”

“तू काय बघितलंस?”

मग मी विचारलं, “तो एकटाच आहे का गावात असा?”

तेवढ्यात वाकलेल्या गिऱ्हाइकानं मान किंचित वर केली. न्हाव्यानं हात लांब करून रेडिओ मोठा केला. इतका मोठा, की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

मी दुकानाबाहेर आलो तेव्हा तो मागून आला, हातात कात्री तशीच. “बहिणीला ने,” म्हणाला. “उद्या पाणी उभं असताना निघणार आहेत ते. धक्क्यावर सगळ्यांना माहितीय. कोणी बोलणार नाही.”

“तू चल ना माझ्याबरोबर, तिला सांगायला. माझ्यावर ती कशी विश्वास ठेवेल?”

“तेही खरंच,” तो म्हणाला, आणि आत गेला.

६

सकाळी उठलो ते पुढच्या खोलीतल्या आवाजानं. मेहुणा वर्तमानपत्र वाचत होता, मोठ्यानं, चिमणीला ऐकवत. मी दारातून बघितलं. तो आरशाकडे तोंड करून उभा होता, पेपर छातीशी धरून त्याची अक्षरं आरशाकडे केलेली, आणि आरशातून वाचत होता. भाजीचे भाव. बदलीच्या बातम्या. मधेच एक चुटका वाचून तो हसला, तशी आतून चिमणीही हसली.

मी मागे सरकलो तर पायाखालची फळी वाजली.

“ये, दादा,” तो म्हणाला. वळला. “तुला काही विचारायचं असेल तर विचार. कालपासून तू विचारत नाहीयेस.”

इतकं सरळ माझ्याशी कोणी बोलत नाही.

“पलीकडे काय आहे?” मी विचारलं.

“घर आहे. असंच. याच्यासारखंच अगदी.”

“आणि तिला पाण्याची भीती वाटते त्याचं काय?”

“तिला पाण्याची नव्हती वाटत,” तो हळूच म्हणाला.

मग त्यानं पेपर नीट घडी करून ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गार नव्हता, ओला नव्हता. मी लक्ष देऊन बघितलं, माझ्या मनाला काहीतरी हवं होतं. पण हात चांगला होता. “तूही चल,” तो म्हणाला. “तिला बरं वाटेल. तुझ्यामुळं ती हसते.”

त्याच्या खांद्यावरून मला आरसा दिसत होता. त्यात त्याची पाठ असायला हवी होती. पाठ नव्हती. मी डोळे खाली केले आणि म्हटलं, मला होडी लागते.

७

तो ट्रंक घेऊन धक्क्याकडे गेला तेव्हा चिमणी आणि मी घरात उरलो. मी ठरवलं होतं, हीच वेळ. पिशवी खांद्याला लावली. बस जकातघरामागून सुटते, तिला हाताला धरून मागच्या दारानं काढायचं. माझी बायको एरवी माझी कुठलीच गोष्ट खरी मानत नाही, पण या वेळी तिनंच सांगितलं होतं, एकटे येऊ नका.

चिमणी पुढच्या खोलीत होती. आरशासमोर उभी. हातात सफरचंद, ते ती सावकाश खात होती, आणि आरशात बघत होती. बाई आरशात कशी बघते ते मला विचारा. केस, कपाळ, मान, डोळे ठरलेल्या वाटेनं फिरतात. हिचे फिरत नव्हते. एका जागी होते, स्वतःच्या चेहऱ्याच्या जरा वर. उंच माणूस समोर असला की त्याच्याकडे बघावं तसे. ती स्वतःकडे बघत नव्हती.

काचेचा तेवढा भाग धुरकट होता. धूर यायचा, जायचा, यायचा.

“चिमणे,” मी म्हटलं.

तिनं दचकून बघितलं नाही. एक चावा घेतला, चावला, गिळला. मग म्हणाली, “चल दादा, उशीर होईल.”

“हा आरसा नाही न्यायचा?”

“नाही. तो इथंच राहील.”

“विकणार?”

“छे. घर बंद ठेवणार आहोत.” तिनं खिडकीची झडप ओढून घेतली, खोली अंधारली, आणि भिंतीकडून एकदा अगदी बारीक काहीतरी वाजलं, काचेवर बोटाच्या पेरानं टिचकी मारल्यासारखं. मग पुन्हा. मग भराभर. चिमणीनं बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं, आणि किल्ली धक्क्याच्या कडेवरून पाण्यात टाकली. पाण्यानं आवाजसुद्धा केला नाही. उभं राहायला लागलं होतं.

८

धक्क्यावर सगळे होते. कोळी, हमाल, जाळी विणणाऱ्या बायका, तो न्हावीसुद्धा दारात. होड्या झाडून सगळ्या बांधलेल्या. कोणी बोलत नव्हतं. पर्यटकांनाही काहीतरी कळलं असावं, त्यांनी फोटो थांबवले होते. नदी इतकी गुळगुळीत, की पलीकडचा काठ कुठं संपतो आणि पाण्यातला कुठं सुरू होतो, ते कळत नव्हतं.

मेहुणा होडीत उभा होता, हात पुढे करून. पायऱ्यांवर मी तिला गाठलं. होडीखालच्या पाण्यात मी बघितलं नाही. कोणी विचारलं तर हेच सांगणार आहे, की बघितलं नाही.

“चिमणे, थांब. मी थट्टा करत नाहीये.”

“मला माहितीय.”

“आईची शपथ घेऊन सांगतो.”

“दादा, आईची शपथ तू लाडू चोरतानाही घ्यायचास.” ती हसली. एक पाय होडीच्या कडेवर ठेवला होता. पाय थरथरत नव्हता.

मी तिचं मनगट धरलं. घट्ट. आयुष्यात मी कोणाला इतकं घट्ट धरलं नसेल. म्हटलं, “हा तुझा नवरा नाही. मी याचं डोकं हाताळलंय. तो तिथं आहे, घरात, तू त्याला कुलूप घालून आलीस. हा कोण आहे मला माहीत नाही, कुठं नेतोय माहीत नाही, तिथून कोणी परत येतं का तेही माहीत नाही. तू माझी एकुलती बहीण आहेस. घरी चल. हवं तर मला आयुष्यभर खोटारडा म्हण, पण चल.”

होडीतल्याचा हात तसाच पुढे. वाट बघत. घाई नाही.

“याच्या चेहऱ्यावर सगळं उलटं आहे, चिमणे. मला पाठ आहे त्याचा चेहरा. डावं काय नि उजवं काय, मला पक्कं माहितीय.”

तिनं माझी बोटं सोडवली नाहीत. फक्त चेहरा माझ्याकडे केला, पूर्ण, उन्हात, आणि कितीतरी वेळ तसाच धरला.

“त्यांचा पाठ आहे ना तुला,” ती म्हणाली. “मग माझ्या गालावरचा वण कुठल्या बाजूला होता, सांग बघू.”